दांडीला इंग्रजीत काय म्हणतात

माझ्या दिराने भर दुकानात, एका परक्या बाईसमोर मला विचारलं, "वहिनी, गॉगल विकाले बसल्या तुम्ही, पण तुमाले त्याचं नाव तरी घेता येते काय?"

चारचौघांत मला तेव्हा बोलता येत नसे, अजूनही फारसं येत नाही. घरी येऊन पोळ्या लाटताना मात्र मी एकटीच उत्तरं देत बसले, एकाहून एक तिखट. पोळ्या जाड झाल्या. लेक म्हणाली, "आई, आज काहून एवढी आपटून राहिली?"

झालं होतं असं. मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात नवीन नवीन कार्यालयं आली आणि त्यांच्याबरोबर बाहेरगावची माणसं. त्यांतल्याच एक बाई आमच्या दुकानात आल्या. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चष्म्याचं आणि गॉगलचं छोटं दुकान आहे. बाई हिंदीत बोलत होत्या, पण कामाचे शब्द सगळे इंग्रजी. "पोलराइज्ड सनग्लासेस दिखाइए, ग्रेडियंट नहीं चाहिए, और नोजपैड वाला हो." मला त्यातलं "दिखाइए" आणि "चाहिए" कळलं. आम्ही तर सगळ्याच काळ्या चष्म्याला गॉगल म्हणतो. मी काचेच्या कपाटापुढे नुसती उभी राहिले. शेजारच्या सौंसर गावचं आमचं दुसरं दुकान दीर पाहतात. त्या दिवशी ते नेमके इकडे आले होते. ते पुढे झाले, म्हणाले, "यस मॅडम, सनग्लासेस, पोलराइज्ड," आणि आरशासारखा चमकणारा एक गॉगल काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, हसून परत ठेवला आणि निघाल्या. तेव्हा दिराने मला तो प्रश्न विचारला. बाई पायरी उतरतच होत्या. त्यांनी ऐकलं.

म्हणजे काय हवं ते दिरालाही कळलं नव्हतं, हे मला मागून समजलं. पण त्यांना नाव घेता आलं. म्हणून अडाणी मी ठरले.

त्याच दिवशी दुपारी ते ह्यांच्या खुर्चीजवळ बसले. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दीड वर्षापूर्वी लकव्याचा झटका आला. उजवा हात काम करत नाही, बोलणं हळू झालं. ते दुकानात येऊन बसतात, पण गिऱ्हाईक मलाच पाहावं लागतं. दीर म्हणाले, "दादा, दिवाळी झाल्यावर नागपूरचा एजंट येते. लग्नाच्या सीझनची ऑर्डर औंदा दोन्ही दुकानांची मीच देतो. मंग इथं माझा माणूस बसवतो, त्याले इंग्लिश येते. वहिनी घरी बसून आपलं मीठ गरम करत राहतीन."

हे रस्त्याकडे पाहत राहिले. आणि आमच्या धंद्यात ऑर्डर जो देतो त्याचंच दुकान असतं, हे मला इंग्रजी न येताही कळत होतं. एकदा ऑर्डर सौंसरहून गेली की मी गेले.

"मीठ गरम करत राहतीन" हे शब्द मला सगळ्यात जास्त लागले. ते नुसतं मीठ नव्हतं.

मोहगावजवळच्या माझ्या माहेरच्या खेड्यात चौथीपर्यंत शाळा होती. पुढची मोहगावला. भाऊ सायकलने जायचा. मी जाऊ शकले असते, पण मला विचारलं नाही आणि मी म्हटलं नाही. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा हे दुकान नवीन होतं. पहिल्याच वर्षी ह्यांनी एका संध्याकाळी पिशवीत सात-आठ चष्मे घरी आणले आणि म्हणाले, "ह्या दांड्या वाकवाच्या हायेत. मिठात गरम करून पाह्य." एका जुन्या कढईत बारीक मीठ घालायचं, मंद आचेवर तापवायचं, पालथ्या हाताने वरून अंदाज घ्यायचा. मग फ्रेमची दांडी टोकाकडून मिठात खुपसायची. क्षणभर जास्त झालं की प्लास्टिकवर पांढरा फोड येतो. कमी झालं की दांडी वाकताना कट् करून मोडते. बरोबर वेळेला काढली तर ती मेणासारखी ऐकते. पावसाळ्यात मीठ चिकटतं, तेव्हा त्यात चिमूटभर टाल्कम पावडर घालायची, हे मला कोणी सांगितलं नाही. मीच शोधलं. पहिल्या महिन्यात मी चार चष्मे बिघडवले, पुढच्या वीस वर्षांत चारही नसतील.

आणि नवरदेवाचा गॉगल तर पूर्ण माझाच. आमच्याकडे नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे करतात. सूट, बूट, घड्याळ आणि गॉगल. गॉगल घ्यायला येतो मुलीचा काका किंवा भाऊ. नवरदेव स्वतः येत नाही. त्याचं डोकं केवढं, कान कुठे, कोणाला माहीत नसतं. आणि वरातीत त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलेलं असतं. बाशिंगाचा दोरा बरोबर कानावरून मागे जातो. तिथेच गॉगलच्या दांडीचं वाकडं टोक येतं. दोरा आणि टोक एकमेकांत अडकतात, कान लाल होतो, नाही तर गॉगल घसरून नाकाच्या शेंड्यावर येतो. म्हणून मी विचारते, "नवरदेवाचा बाजूनं काढलेला फोटो हाये का मोबाइलात?" फोटो पाहून टोक सरळ करते, थोडं आत दाबते, म्हणजे ती दांडी कानावर न बसता डोक्याला धरून राहते. दोरा वरून सुखाने जातो. आमच्या घरात तिला नवरदेवाची दांडी म्हणतात. नवरा, दीर, सगळे म्हणतात. वीस वर्षं मुलीकडची माणसं आमच्याच दुकानात येत राहिली त्याचं कारण ती दांडी आहे. आणि दिराला त्यात फक्त मीठ दिसलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला म्हटलं, "मले गॉगलचे सगळे इंग्रजी शब्द सांग." ती कॉलेजला आहे. ती म्हणाली, "आई, मले तरी कुठं सगळे येतेत? थांब, मोबाइलात पाहतो." तिच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली. डाव्या बाजूला मी आमचा शब्द लिहायचा, उजव्या बाजूला ती सांगेल तो, मराठी अक्षरांत. काळी काच, लेन्स. नाकाच्या चकत्या, नोजपॅड. दोन काचांमधला पूल, ब्रिज. बिजागरी, हिंज. डबी, केस. वरून गडद खाली फिकी काच, ग्रेडियंट. बिनकाठाचा, रिमलेस. दांडी, टेम्पल.

"टेम्पल म्हणजे देऊळ ना?"

"तेही होते आणि हेही होते."

"दोन वस्तूंले एकच नाव? आणि अडाणी आपण?"

लेक खूप हसली. मला हसू आलं नाही. मी जितके शब्द लिहीत गेले तितकी चिडत गेले. कारण त्यात नवीन एकही वस्तू नव्हती. प्रत्येक शब्दासमोरची वस्तू मी हजार वेळा हातात धरली होती. हिंजचा स्क्रू इतका बारीक असतो की तो पडला तर मी तो ओल्या बोटाने फरशीवरून उचलते. माझ्या बोटाला तो माहीत होता, फक्त तोंडाला माहीत नव्हता. आमचं बोलणं घरात मराठी, गिऱ्हाईकाशी हिंदी आणि डबीवर इंग्रजी. दोन भाषा मी कानाने शिकले, कोणी कौतुक केलं नाही. तिसरी आली नाही तर लगेच हिशोबातून काढलं.

मग मला आठवलं की हे सगळे शब्द ह्यांना येतात. एजंटशी ते असेच बोलायचे. मी दुकानातल्या पडद्याच्या आत चहा करायचे आणि ऐकायचे, पण कोणता शब्द कोणत्या वस्तूचा ते दिसत नसे. घरी मात्र पिशवीतून चिठ्ठी यायची, "दांडी सरळ कर", "चकत्या बदल". मी ह्यांना जेवण भरवत होते तेव्हा विचारलं, "वीस वर्षांत मले एक तरी नाव काहून नाई सांगितलं तुम्ही?"

त्यांनी घास गिळला. हळूहळू म्हणाले, "तुले... काय काम पडत होतं?"

मी पुढचा घास दिला. माणूस आजारी आहे, त्याला काय बोलणार. पण हे मी विसरणार नाही. मला काम पडत नव्हतं म्हणे. काम तर सगळं माझ्याच कढईत पडत होतं.

शब्द लिहिता येऊ लागले, पण बोलता येईनात. लेकीसमोरही जीभ अडायची. पोलराइज्ड हा शब्द मी शेगडीजवळ, नळाजवळ, दुकानाचं शटर उघडताना मनात म्हणत असे. एकदा एका गिऱ्हाइकाला दाखवताना मोठ्याने म्हणून पाहिला. तो माणूस म्हणाला, "काय म्हणलं, बाई?" मी म्हटलं, "काई नाई, काळा गॉगल." पोलराइज्ड म्हणजे चकाकी अडवणारी काच, ती कशी ओळखायची ते मात्र लेकीने दाखवलं. तसा गॉगल मोबाइलसमोर धरून आडवा-उभा फिरवला की एका बाजूला मोबाइलचा पडदा काळा दिसतो. मी दुकानातले सगळे गॉगल तसे फिरवून पाहिले. दिराने त्या बाईंना दिलेला चमकणारा फिरवला, पडदा होता तसाच राहिला. म्हणजे बाई बरोबर हसल्या होत्या. त्या दिवशी मला वाटलं होतं त्या मला हसल्या.

एक शब्द मात्र मी सगळ्यांआधी पक्का केला, कारण त्याच्याशी माझं जुनं भांडण होतं. मागच्या सीझनला दिराने सौंसरहून एक पेटी माल आमच्याकडे पाठवला होता. हलके, चिवट, जाड दांडीचे गॉगल. दिसायला देखणे. बोरगावकडच्या एका मुलीचे काका त्यातला एक घेऊन गेले. मी नेहमीसारखी दांडी मिठात घातली. वाकली. बाहेर काढली, थंड पाण्यात धरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू परत होती तशी झाली. दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली. मीठ मानेचना. काकांना घाई होती, ते तसाच घेऊन गेले. वरात दारात आली आणि नवरदेवाने मान खाली घातली तेव्हा गॉगल पडून घोड्याच्या पायाखाली गेला. दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले आणि ह्यांच्या खुर्चीसमोर उभे राहून मलाच बोलले, "बाई, आमची इज्जत गेली न वरातीत. व्याह्यानं सगळ्यांसमोर म्हणलं, गॉगलही धड नाई देता आला." मी खाली मान घालून ऐकलं. माल दिराचा, पसंती दिराची, आणि ऐकून घेणारी मी.

त्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं होती. ती आता लेकीकडून वाचून घेतली. टी आर नाइन्टी. हे त्या प्लास्टिकचं नाव. हे मिठाला ऐकत नाही; ऐकतं ते आमचं जुनं प्लास्टिक, त्याचं नाव अॅसिटेट. त्याच ओळीत तीन आकडे असतात, आणि इंग्रजी आकडे मला चौथीतच आले होते. पहिला काचेचा, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा दांडीच्या लांबीचा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, फ्रेमी हाताळून माझं मलाच कळलं होतं. शेतात राबणाऱ्या माणसांची डोकी रुंद. एकशे पस्तीसची दांडी त्यांच्या कानापर्यंत पोचता पोचता संपते. एकशे पंचेचाळीस लागते. लेक म्हणाली, "आई, हे तर तुले आधीच माहीत हाये!" मी म्हटलं, "मंग इतके दिवस मी काय सांगून राहिली?"

दिवाळी झाली, आणि एजंट आला तो गुरुवारी दुपारी. दीर सकाळपासूनच येऊन बसले होते. टेबलावर कॅटलॉग उघडलं, दोघं बोलू लागले. माझ्याकडे पाठ. मी कपाट पुसत होते. खरं तर पुसलेलंच पुसत होते. एजंट म्हणाला, "इस बार भी टीआर में ही ले लो भैया, हल्का है, सब वही ले रहे हैं. कनपटी तक मुड़ा हुआ, रैपअराउंड, नया आया है." दीर म्हणाले, "हाँ हाँ, टीआर ही. दोनों दुकान का लिखो. एक सौ पैंतीस चलेगा, सब चलता है."

सब चलता है. मला त्या काकांचा चेहरा दिसला. मी वळले आणि बोलले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, किनरा, तुटका. "टी आर नको. टेम्पल पतली पाह्यजे. मेटल. नाई तर ते दुसरं, अॅसिटेट. एकशे पंचेचाळीस."

दीर मोठ्याने हसले. "टेम्प्पल! वा वहिनी! इंग्लिश शिकून राहिल्या काय? अजून काय काय शिकल्या, सांगा न एजंटसाहेबाले."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी पडद्याच्या आत गेले असते. त्या दिवशी मला इतका राग आला की लाज वाटायची राहूनच गेली. मी कपाटातून मागच्या वर्षीचा तो गॉगल काढला, उरलेल्या पेटीतला, आणि त्यांच्या समोर ठेवला. "भाऊजी, ही टेम्पल नवरदेवासाठी सरळ करून दाखवा. मीठ आणून देतो मी."

"ते तर तुमचं काम हाये."

"मंग काम माह्यं हाये त ऑर्डरही माह्यी हाये. मी टी आर घेत नाई. ते मीठ मानत नाई. बाशिंगात अटकते. मागच्या सालची बोलणी मी खाल्ली, तुम्ही नाई खाल्ली."

एजंटने पेन खाली ठेवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला माल खपवायचा होता. त्याने मला विचारलं, "भाभीजी, बाशिंग मतलब?" मी कपाळावर बोट फिरवून, दोरा कानावरून कसा जातो ते दाखवलं. त्याने मान हलवली. इतकी वर्षं तो आमच्या भागात नवरदेवांचे गॉगल विकत होता आणि त्याला हे ठाऊकच नव्हतं.

दीर ह्यांच्याकडे वळले. "दादा, तू सांग न. असं चालते काय? बाहेरच्या माणसासमोर?"

मला वाटलं होतं हे भावाच्याच बाजूने बोलतील. ते म्हणाले, "दांडी... तिलेच वाकवा लागते." बस, एवढंच. त्यात शाबासकी नव्हती, माझी बाजूही नव्हती. जे होतं ते सांगितलं. मला तेवढं पुरलं, पण मनात आलं, हेच वाक्य दिवाळीच्या आधी म्हटलं असतं तर माझे इतके दिवस धास्तीत गेले नसते.

एजंटने कागदाचे दोन भाग केले. सौंसर वेगळं, पांढुर्णा वेगळं. सौंसरच्या कागदावर दिराने टी आरच लिहायला लावलं, हट्टाने. पांढुर्ण्याच्या कागदावर मी एकेक सांगत गेले. मेटल, एकशे पंचेचाळीस, नोजपॅडवाले. अॅसिटेट, काळे आणि तपकिरी. पोलराइज्ड थोडे, कार्यालयातल्या बायांसाठी. तो शब्द दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा निघाला. एजंटने तो मुकाट्याने लिहिला, हसला नाही. त्याने नाव विचारलं तेव्हा मी माझं सांगितलं. त्या कागदावर माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. सही मराठीत केली.

माल आला. काऊंटरवर मीच बसते. दिराने माणूस बसवण्याचं पुन्हा काढलं नाही.

पण राग काही जात नाही. कारण परवा सौंसरला नात्यातलं एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत दीर चार पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या वहिनी आता फाडफाड इंग्लिश बोलतेत दुकानात. मीच म्हणलं होतं, वहिनी, शिका थोडं. मी नसतं म्हणलं त त्या कायले शिकल्या असत्या?" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. एक बाई म्हणाली, "दीर असावा तर असा." मी मठ्ठ्याची वाटी उचलली आणि पदर सावरला. एजंटसमोर शब्द निघाला होता, नातेवाइकांसमोर निघाला नाही.

तिथे बोलले नाही म्हणून इथे लिहून ठेवते. भाऊजी, तुम्ही मला काही शिकवलं नाही. शब्द लेकीने सांगितले. बाकीचं मला आधीपासून येत होतं, आणि तुम्हाला ते अजूनही येत नाही. पुढच्या लग्नात पंगतीत हे तोंडाने म्हणणार आहे.